संख्येचे सगळे विभाजक शोधताना: एकही सुटू नये म्हणून

८४ चे सगळे विभाजक लिहा असं सांगितलं की बहुतेक जण भराभर लिहितात: १, २, ३, ४, ६, ७, १२, १४, २१, ४२, ८४. अकरा संख्या झाल्या आणि अकराही बरोबर आहेत. मग विचारावं, "संपले?" इथे पेन थांबतं. यादीवर पुन्हा नजर फिरते आणि उत्तर येतं, "बहुतेक संपले."

संपलेले नाहीत. एक सुटला आहे. तो कोणता ते लगेच शोधू नका. यादीकडे नुसतं पाहून काहीतरी सुटलंय हे कसं ओळखायचं, ते पुढे येईलच. मी पाहिलेल्या वह्यांमध्ये चुकीचा विभाजक क्वचित आढळतो, सुटलेला मात्र वारंवार. म्हणून या लेखात मी शोधण्याइतकाच भर "आता एकही उरलेला नाही" हे ठामपणे म्हणता येण्यावर देणार आहे. माझ्या मते या विषयातलं खरं गणित तिथेच आहे.

आधी शब्द लावून घेऊ

एखाद्या संख्येला ज्या संख्येने भागल्यावर बाकी शून्य उरते, ती तिची विभाजक. ८४ ला ६ ने भागलं तर १४ येतात आणि बाकी काही उरत नाही, म्हणून ६ हा ८४ चा विभाजक. अवयव हा शब्दही याच अर्थाने वापरतात. घोळ होतो तो "मूळ अवयव" म्हटल्यावर. ८४ चे मूळ अवयव पाडले की २ × २ × ३ × ७ मिळतात आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. ते ८४ चे घटक झाले. विभाजकांची यादी त्या घटकांपासून तयार करावी लागते आणि ती बरीच लांब असते. प्रश्नात नेमकं काय मागितलंय ते आधी वाचा.

१ आणि ती संख्या स्वतः, हे दोघे प्रत्येक यादीत असतातच. फक्त तेवढेच दोन असतील तर ती मूळ संख्या, जास्त असतील तर संयुक्त. १ चा विभाजक एकच, १. म्हणून तो मूळही नाही आणि संयुक्तही नाही. शून्याचे विभाजक मात्र विचारू नयेत, कारण शून्याला शून्येतर कोणत्याही संख्येने भागलं तरी बाकी शून्यच राहते आणि यादी संपतच नाही. ऋण संख्या आपण इथे धरणार नाही.

जोड्यांची पद्धत

लहान संख्यांसाठी, म्हणजे साधारण दोनशे-तीनशेपर्यंत, मी हीच पद्धत वापरतो. विभाजक कधी एकटा सापडत नाही. ८४ ला ३ ने भाग गेला की भागाकार २८ येतो, आणि २८ हाही आपोआप विभाजक ठरतो. म्हणून कागदावर दोन स्तंभ करा. डावीकडे ज्याने भागलं तो, उजवीकडे भागाकार.

१ पासून सुरुवात करा आणि एकही संख्या न गाळता क्रमाने वर जा.

१ × ८४
२ × ४२
३ × २८
४ × २१
५ ने भाग जात नाही.
६ × १४
७ × १२
८ ने भागल्यावर बाकी ४ उरते.
९ ने भागल्यावर बाकी ३ उरते.

इथे थांबायचं. यादी वाचताना डावा स्तंभ वरून खाली आणि मग उजवा स्तंभ खालून वर वाचा: १, २, ३, ४, ६, ७, १२, १४, २१, २८, ४२, ८४. बारा विभाजक, तेही चढत्या क्रमाने, वेगळी मांडणी न करता.

क्रमाने जायला मी आग्रहाने सांगतो, कारण सुटण्याचं मुख्य कारण तेच आहे. पाढ्यांतून आठवतील तसे विभाजक लिहिले की ७ × १२ आधी आठवतं, मग ४ × २१, आणि ३ × २८ मागे राहतं, कारण तिनाचा पाढा आपण दहाच्या पुढे म्हटलेलाच नसतो. न जाणाऱ्या संख्याही लिहून ठेवा. "५ नाही, ८ नाही, ९ नाही" हे लिहिलेलं असलं की त्या तपासल्याचा पुरावा कागदावरच राहतो.

थांबायचं कुठे, आणि का

९ नंतर का थांबलो? १० × १० = १००, आणि १०० हे ८४ पेक्षा मोठे. आता समजा, ८४ ची अजून एखादी जोडी शिल्लक आहे. तिच्यातल्या दोन्ही संख्या १० किंवा त्याहून मोठ्या असतील, तर त्यांचा गुणाकार निदान १०० होईल. म्हणजे ती ८४ ची जोडीच असू शकत नाही. म्हणून कोणत्याही जोडीतली लहान संख्या ९ किंवा त्याहून लहानच असणार. आणि ९ पर्यंतच्या सगळ्या संख्या आपण तपासल्या आहेत. काहीही उरलेलं नाही, आणि हे आपण आता अंदाजाने बोलत नाही.

हाच नियम वर्गमूळाच्या भाषेत सांगतात: संख्येच्या वर्गमूळापर्यंत तपासा, पुढे जाऊ नका. वर्गमूळ काढता येत नसेल तरी बिघडत नाही. डाव्या स्तंभातल्या पुढच्या संख्येचा वर्ग दिलेल्या आकड्यापेक्षा मोठा झाला की थांबा. किंवा भागाकाराकडे लक्ष ठेवा: भागाकार भाजकापेक्षा लहान येऊ लागला की तुम्ही जुन्याच जोड्या उलट्या बाजूने पाहत आहात.

संख्या पूर्ण वर्ग असेल तर शेवटच्या जोडीत दोन्हीकडे एकच संख्या येते. ३६ घ्या: १ × ३६, २ × १८, ३ × १२, ४ × ९, ६ × ६. सहा एकदाच लिहायचा, म्हणून विभाजक नऊ. यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. विभाजकांची संख्या विषम असेल तर ती संख्या पूर्ण वर्ग असलीच पाहिजे. एरवी विभाजक जोडीजोडीने येतात आणि त्यांची संख्या समच निघते. आता सुरुवातीची यादी आठवा. तिच्यात अकरा संख्या होत्या आणि ८४ हा काही पूर्ण वर्ग नाही. एकही भागाकार न करता कळलं की निदान एक तरी सुटलाय.

भाग न घालता ओळखणं

विभाज्यतेच्या कसोट्या पाठ असल्या तर वरची सगळी कामं निम्म्या वेळात होतात. २, ५ आणि १० साठी शेवटचा अंक पाहणं सगळ्यांना येतं. ४ साठी शेवटचे दोन अंक पाहायचे, ८ साठी शेवटचे तीन.

३ आणि ९ साठी अंकांची बेरीज करायची. हे असं का चालतं तेही एकदा पाहून ठेवावं. १०, १००, १००० यांतला प्रत्येक आकडा ९, ९९, ९९९ पेक्षा फक्त एकाने जास्त असतो. ७३८ म्हणजे ७ × ९९ + ३ × ९ + (७ + ३ + ८). पहिले दोन तुकडे ९ ने जातातच, प्रश्न उरतो कंसाचा. कंसात १८ आहेत, म्हणून ७३८ ला ९ ने भाग जातो.

६ साठी २ आणि ३ या दोन्ही कसोट्या लागल्या पाहिजेत. पण ही जोडगोळी कुठेही चालत नाही. २ आणि ४ या दोघांनी भाग गेला म्हणून ८ ने जाईलच असं नाही, १२ पाहा. ज्या दोन संख्या एकत्र करायच्या त्या सहमूळ असाव्या लागतात, म्हणजे त्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसावा.

११ साठी एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करा आणि त्यांतला फरक पाहा. २,८४९ मध्ये २ + ४ = ६ आणि ८ + ९ = १७; फरक ११. म्हणून भाग जातो. फरक शून्य आला तरी जातो.

आता ७. याची कसोटी नाहीच, असं पुष्कळांना वाटतं. आहे, आणि ती १३, १७, १९ यांनाही लागू होते, फक्त गुणक बदलतो. एकक अंक बाजूला काढा आणि उरलेल्या भागात त्याची ठरावीक पट मिळवा किंवा वजा करा:

७ साठी दुप्पट वजा करा. ४१३: ४१ − ६ = ३५. भाग जातो.
१३ साठी चौपट मिळवा. २४७: २४ + २८ = ५२. भाग जातो.
१७ साठी पाचपट वजा करा. २२१: २२ − ५ = १७. भाग जातो.
१९ साठी दुप्पट मिळवा. ३२३: ३२ + ६ = ३८. भाग जातो.

यामागे जादू नाही. ७ च्या कसोटीत आपण खरं तर एकक अंकाची २१ पट वजा करतो. ४१३ − ६३ = ३५०; मग शेवटचं शून्य टाकून ३५ पाहतो. २१ हा ७ च्या पाढ्यातला, म्हणून तो वजा केल्याने विभाज्यता बदलत नाही. आणि १० आणि ७ सहमूळ असल्यामुळे शून्य टाकल्यानेही बदलत नाही. १३ साठी ३९ पट मिळवली जाते, १७ साठी ५१ पट वजा होते, १९ साठी १९ पट मिळवली जाते. हे एकदा उमगलं की २३ साठी कसोटी तुम्ही स्वतः बनवू शकता: २३ × ३ = ६९, म्हणून एककाची सातपट मिळवायची.

मोठ्या संख्यांसाठी आणखी एक सुंदर सोय आहे. ७ × ११ × १३ = १,००१. सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन गट करा आणि वजाबाकी करा. २८४१०२ मध्ये २८४ − १०२ = १८२. १८२ ला ७ ने भाग जातो, १३ ने जातो, ११ ने जात नाही; २८४१०२ चंही तसंच. तीन भाजकांचा निकाल एका वजाबाकीत लागतो.

एक धोक्याची सूचना. ५१, ५७, ८७, ९१, ११९, १३३, १४३, १६१, १८७, २०९, २१७ या संख्या पाहताक्षणी मूळ वाटतात. एकही मूळ नाही. त्यातही ९१ ने जितक्यांना फसवलंय तितकं दुसऱ्या कोणी फसवलं नसेल. ७ × १३ = ९१ एवढं तरी लक्षात ठेवाच.

मूळ अवयवांपासून यादी उभारणं

संख्या मोठी झाली की जोड्यांची पद्धत दमवते. ३,२७६ घ्या. ५७ × ५७ = ३,२४९, म्हणजे ५७ पर्यंत तपासावं लागेल. त्याऐवजी संख्येचे तुकडे पाडत जाऊ.

३,२७६ ÷ २ = १,६३८. पुन्हा २ ने: ८१९. आता २ ने जात नाही. ८ + १ + ९ = १८, म्हणून ३ ने: २७३. पुन्हा ३ ने: ९१. आता ३ ने जात नाही. ५ ने नाही. ७ ने: १३. आणि १३ मूळ आहे.

प्रत्येक भागाकारानंतर संख्या लहान होते आणि तिच्याबरोबर थांबायची जागाही जवळ येते, हे इथे ध्यानात घ्यायचं. ५७ पर्यंत जायचं होतं, पण ९१ उरल्यावर ९ च्या पुढे पाहायची गरजच राहिली नाही. म्हणूनच लहान मूळ संख्येपासून सुरुवात करावी आणि एकाच संख्येने भाग जाईल तितक्या वेळा तो घालावा.

तर ३,२७६ = २ × २ × ३ × ३ × ७ × १३.

आता यादी बांधण्याआधी ती किती लांब होणार ते मोजून घ्या. कोणताही विभाजक या तुकड्यांतूनच बनतो. त्यात २ शून्य वेळा, एकदा किंवा दोनदा घेता येतो: तीन पर्याय. ३ साठीही तीन पर्याय. ७ घ्यायचा किंवा नाही: दोन. १३ घ्यायचा किंवा नाही: दोन. म्हणून विभाजक ३ × ३ × २ × २ = ३६. थोडक्यात, प्रत्येक मूळ अवयव जितक्या वेळा आला त्यात १ मिळवा आणि सगळ्यांचा गुणाकार करा. हा १ विसरणं ही नेहमीची चूक. "अजिबात न घेणं" हाही पर्यायच आहे, त्याच्यासाठी तो १.

३६ हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहा. यादी तिथे पोचल्याशिवाय पेन खाली ठेवायचं नाही.

यादी थर रचत करायची. पहिला थर फक्त २ चा:

१, २, ४

त्याला ३ ने आणि ९ ने गुणून खाली जोडा:

३, ६, १२
९, १८, ३६

हे नऊ झाले. या नऊंना ७ ने गुणा:

७, १४, २८, २१, ४२, ८४, ६३, १२६, २५२

अठरा झाले. आता या सगळ्या अठरांना १३ ने गुणा. आधी पहिल्या नऊंना, मग सातवाल्या नऊंना:

१३, २६, ५२, ३९, ७८, १५६, ११७, २३४, ४६८
९१, १८२, ३६४, २७३, ५४६, १,०९२, ८१९, १,६३८, ३,२७६

छत्तीस. प्रत्येक नवा मूळ अवयव आला की आधीची अख्खी यादी त्याने गुणायची, एवढंच सूत्र. तोच अवयव दोनदा असेल तर यादी दोन वेळा गुणायची, एकदा त्याने आणि एकदा त्याच्या वर्गाने.

आकडे छोटे-मोठे कसेही येतात म्हणून कंटाळून मध्येच चढता क्रम लावायला जाऊ नका. क्रम शेवटी लावा. थरांची रचना मोडली की काय गुणून झालं आणि काय राहिलं ते कळेनासं होतं.

या मोजणीच्या नियमामुळे एक वेगळाच प्रश्न विचारता येतो: लहान संख्येत जास्तीत जास्त विभाजक कसे मावतील? ३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५, म्हणून विभाजक ४ × ३ × २ = २४; त्याहून लहान कोणत्याही संख्येला इतके विभाजक नाहीत. आधीच्या सगळ्या संख्यांवर अशी मात करणाऱ्या संख्यांचा सखोल अभ्यास श्रीनिवास रामानुजन यांनी केला आणि १९१५ साली त्यावर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. १, २, ४, ६, १२, २४, ३६, ४८, ६०, १२०, १८०, २४०, ३६० अशी ती रांग सुरू होते. तासाची मिनिटं ६० आणि वर्तुळाचे अंश ३६० असल्याने वाटण्या किती सोप्या होतात, ते या रांगेवरून दिसतं.

काहीच भाग जात नसेल तर

३९७ घ्या. २ नाही, ३ नाही, ५ नाही, ७ नाही, ११ नाही, १३ नाही, १७ नाही, १९ नाही. २० × २० = ४००, म्हणून इथेच थांबायचं. ३९७ मूळ आहे आणि तिचे विभाजक १ आणि ३९७. फक्त आठ भागाकारांत निकाल लागला.

फक्त मूळ संख्यांनीच तपासणं पुरतं, कारण ६ ने भाग जाणाऱ्या संख्येला २ ने आधीच भाग गेलेला असतो. शंभरपर्यंत एकूण २५ मूळ संख्या आहेत. म्हणजे १०,००० पर्यंतची कोणतीही संख्या जास्तीत जास्त २५ भाजकांनी पारखून होते, आणि १,००० पर्यंतच्या संख्येला ११ भाजक पुरतात: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१. हे अकरा तोंडपाठ करा, असं मी मुद्दाम सांगेन.

दोन वर्गांची वजाबाकी

कधीकधी संख्येला लहान भाजकच नसतात आणि एकापाठोपाठ भागाकार वाया जातात. ८,०५१ ला २ पासून तपासत गेलात तर तेविसाव्या मूळ संख्येवर यश येतं. पण जरा थांबून पाहा: ९० × ९० = ८,१०० आणि ८,१०० − ८,०५१ = ४९. ४९ हा ७ चा वर्ग! म्हणजे ८,०५१ हा ९० च्या वर्गातून ७ चा वर्ग वजा केल्यावर उरणारा आकडा, आणि म्हणून ८,०५१ = (९० − ७) × (९० + ७) = ८३ × ९७.

पद्धत अशी. विषम संख्या घ्या. तिच्या वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घेऊन तिचा वर्ग करा आणि त्यातून दिलेली संख्या वजा करा. उत्तर पूर्ण वर्ग आलं का पाहा. नसेल तर पुढची संख्या घ्या. २,९११ साठी:

५४ चा वर्ग २,९१६, वजाबाकी ५. पूर्ण वर्ग नाही.
५५ चा वर्ग ३,०२५, वजाबाकी ११४. नाही.
५६ चा वर्ग ३,१३६, वजाबाकी २२५. हा १५ चा वर्ग.

म्हणून २,९११ = ४१ × ७१.

दोन विभाजक एकमेकांच्या जवळ असले तर ही युक्ती चटकन लागते, दूर असले तर फार रेंगाळते. म्हणून आधी अकरा लहान मूळ संख्यांनी तपासा, मग चार-पाच पायऱ्या ही युक्ती करून पाहा, नाहीच जमलं तर परत भागाकारांकडे वळा. नारायण पंडितांनी १३५६ साली लिहिलेल्या 'गणितकौमुदी'त ही कल्पना आहे. युरोपात ती पिएर द फर्मा यांच्या नावाने ओळखली जाते. १६४३ मधल्या एका पत्रात त्यांनी २,०२,७६,५१,२८१ या संख्येचे ४४,०२१ × ४६,०६१ असे अवयव पाडून दाखवले. ४५,०३० पासून सुरुवात केली की बाराव्या पायरीला, ४५,०४१ वर, वजाबाकी १,०२० चा वर्ग येते. साध्या भागाकारांनी हजारो मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या, तिथे बारा वर्ग पुरले.

ताळा

यादी पूर्ण झाली असं वाटलं की तीन प्रकारे ताळा घ्या.

पहिला, मोजणीचा. मूळ अवयवांवरून किती विभाजक यायला हवेत ते काढा आणि यादी मोजा.

दुसरा, टोकांचा. यादी चढत्या क्रमाने लावा आणि पहिली × शेवटची, दुसरी × शेवटून दुसरी असं गुणत आत या. प्रत्येक वेळी दिलेली संख्याच आली पाहिजे. लेखाच्या सुरुवातीची यादी घ्या: १ × ८४ बरोबर, २ × ४२ बरोबर, ३ × २१ = ६३. इथे अडलं! ३ चा जोडीदार यादीत नाही, तो ८४ ÷ ३ = २८. ही तपासणी नुसती चूक सांगत नाही, चुकीच्या जागेवर बोट ठेवते, म्हणून मला ती सगळ्यांत प्रिय आहे.

तिसरा, बेरजेचा. हा मोठ्या याद्यांसाठी राखून ठेवा. प्रत्येक मूळ अवयवासाठी १ पासूनच्या त्याच्या घातांची बेरीज करा आणि त्या बेरजांचा गुणाकार करा. ३,२७६ साठी: (१ + २ + ४) × (१ + ३ + ९) × (१ + ७) × (१ + १३) = ७ × १३ × ८ × १४ = १०,१९२. छत्तीस विभाजकांची बेरीज एवढीच यायला हवी. थरांप्रमाणे ती ९१ + ६३७ + १,१८३ + ८,२८१ अशी होते, आणि जुळते. एखादा विभाजक चुकीचा लिहिला गेला असेल, उदाहरणार्थ ५४६ चे ५६४ झाले असतील, तर मोजणीत ते दिसत नाही, बेरजेत हमखास दिसतं.

दोन संख्यांचे सामाईक विभाजक

३,२७६ आणि ३६० यांचे सामाईक विभाजक विचारले तर दोन्ही लांबलचक याद्या करू नका. आधी मसावि काढा: ३,२७६ ला ३६० ने भागल्यावर बाकी ३६, ३६० ला ३६ ने भागल्यावर बाकी शून्य. मसावि ३६. दोघांचे सामाईक विभाजक म्हणजे ३६ चे विभाजक: १, २, ३, ४, ६, ९, १२, १८, ३६. दोन भागाकारांत काम झालं.

संगणकाकडून करून घेताना

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. लूप संख्येपर्यंत चालवू नका. भाजकाचा वर्ग संख्येपेक्षा मोठा होईपर्यंतच चालवा, आणि भाग गेला की भाजक व भागाकार दोन्ही साठवा, दोन्ही सारखे असतील तर एकदाच. आणि थांबण्याची अट वर्गमूळ काढून लिहिण्याऐवजी "भाजक गुणिले भाजक" अशी लिहा. खूप मोठ्या संख्यांच्या बाबतीत दशांशातलं वर्गमूळ किंचित चुकू शकतं आणि नेमका पूर्ण वर्गाचा मधला विभाजक निसटतो.

संगणक असला तरी प्रत्येक संख्या शरण येत नाही. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी २१ अंकी संख्या मूळ नाही हे ठाऊक होतं, पण अवयव हाती लागत नव्हते. १९०३ साली फ्रँक नेल्सन कोल यांनी ते दाखवले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. हा गुणाकार कागदावर करायला थोडा वेळ पुरतो, उलट दिशेने जायला मात्र फार कष्ट पडतात. याच विषमतेवर आरएसए ही गुप्तलेखन पद्धत उभी आहे. आरएसए-२५० या २५० अंकी संख्येचे दोन मूळ अवयव २०२० मध्ये सापडले, आणि त्यासाठी लागलेली गणनशक्ती एका प्रोसेसर कोअरच्या हिशेबाने सुमारे २,७०० वर्षांची होती.

सरावासाठी

खालच्या सहा संख्यांचे सगळे विभाजक काढा. प्रत्येकीपुढे विभाजक किती आणि त्यांची बेरीज किती तेवढंच दिलं आहे, म्हणजे ताळा तुमचा तुम्हाला घेता येईल.

९६: विभाजक १२, बेरीज २५२
२२५: विभाजक ९, बेरीज ४०३
३९१: विभाजक ४, बेरीज ४३२
१,०००: विभाजक १६, बेरीज २,३४०
२,३१०: विभाजक ३२, बेरीज ६,९१२
४,१९९: विभाजक ८, बेरीज ५,०४०

शेवटच्या संख्येला ११ पर्यंत कशानेच भाग जाणार नाही. तिथे सोडून देऊ नका. १३ ची कसोटी लावा.